दोन तारा, तपकिरी

डिकीतलं फेल्ट उचललं
तर तारा तिथेच होत्या,
डाव्या चाकाच्या कमानीवर,
मी सोडल्या तशाच.
दोन टोकं या अंगाला, दोन त्या.
चोरानं कापल्या असत्या
तर ओढाताण दिसली असती.
हा काप स्वच्छ.
कागदाच्या गिरणीत जन्म घालवलेल्या
हाताचा.

थंडर बे, फेब्रुवारी, उणे एकवीस.
गॅरेजातला हीटर
माझ्या एका गुडघ्यापुरता.

रौली तेव्हा एकोणीसचा.
रात्री दोनला गाडी वळणावर असतानाच
कपाटातल्या बश्या वर्दी द्यायच्या: आला.
हेल्मी म्हणायची, बरंय की,
जिवंत आहे एवढं तरी कळतं.
मी म्हणायचो, पाचची पाळी माझी आहे, तुझी नाही.
एका शनिवारी तो सौनात बसला होता.
मी डिकी उघडली.
कट. कट.
अंगाला वाफ येत होती त्याच्या, बाहेर आला तेव्हा,
आणि पक्कड माझ्या खिशात गार.

त्यानं विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
बश्या गप्प झाल्या.
आणि झोप? ती काही आली नाही.
गाडी कधी शिरली ते कळेना,
म्हणून मी कान लावून पडलेला,
दोन, सव्वादोन, तीन.
त्या पानगळीत तो बसनं कॅलगरीला गेला.
गाडी ठेवून.

परवा फोन.
सारा सतराची झाली, अप्पा.
ती गाडी चालते का अजून?
चालते, मी म्हणालो.
सगळं चालतं तिच्यात?
मी म्हणालो,
बघतो.

तर आता हे असं.
टोकं आखूड, बोटं जाड,
हातमोजे घालावेत तर तार सापडत नाही,
काढावेत तर बोटं सापडत नाहीत.
मध्ये जुन्या टेबललॅम्पची वीतभर तार सांधली,
कथलाचा डाग दिला,
काळी नळी आगपेटीनं आकसवली.
चावी फिरवली.
रेडिओवर बर्फाच्या टायरांची जाहिरात.
आवाज होता. पण पोकळ,
पोट नसलेल्या माणसानं ढेकर द्यावा तसा.

शेजारची ओडार्का आली, तिला दिवा दिसला म्हणून.
वीज कंपनीतून निवृत्त, तोंडानं नाही.
उलट जोडलंयस, टाउनो, ती म्हणाली.
दारातले स्पीकर हवा पुढे ढकलतायत,
हा मागे ओढतोय.
बिघडलेलं कोणीच नाही,
पण एकमेकांना खातायत.
मी म्हटलं, दोन्ही तारा तपकिरीच, ओळखणार कशा?
एकीवर केसाएवढी निळी रेघ असते, ती म्हणाली,
पण तू चष्मा लावशील तर ना.

तिनं भिंतीवरच्या घड्याळातली बॅटरी काढली,
डाग सोडवले,
स्पीकरच्या दोन तारा तिला नुसत्या टेकवल्या.
मागच्या काचेखालच्या जाळीतून पाहिलं मी:
काळा कागदी पडदा
एकदाच पुढे आला,
झोपलेल्याची छाती उचलते तेवढा.
ही अधिक, ओडार्का म्हणाली. लिहून ठेव.
मी लिहिलं नाही.
पुन्हा टेकव म्हणालो.
तिनं पुन्हा टेकवली.

पुन्हा डाग. पुन्हा नळी. आगपेटीतली शेवटची काडी.
रेडिओवर आता हवामानवाला:
सरोवरावरून वारा, रात्री आणखी सात अंश खाली.
साधा किरकिरा माणूस,
पण त्याचा आवाज सीटमधून वर आला,
माझ्या मणक्यातून,
आरसा थरथरला, त्यात ओडार्काची टोपी थरथरली.
मी बटण फिरवलं. आणखी.
आणखी.
गॅरेज आणि स्वयंपाकघर यांची भिंत एकच.

बस्स, ओडार्का ओरडली, कमी कर,
लोकांना पहाटे कामं असतात!

मला ऐकू आलं.
मी भिंतीला कान लावून उभा होतो,
पलीकडे कपाट आहे.